आमच्या घरचें विरजण

आमच्या घरांत आतां जुनी म्हणण्यासारखी वस्तु फारशी उरलेली नाहीं. पुण्यांतला वाडा पाडून त्या जागीं पांच मजल्यांची इमारत उभी राहिली, तेव्हां पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब, माजघरांतला झोंपाळा हीं सर्व कोणाकोणाकडे गेलीं याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं. एक वस्तु मात्र आईनें कोणाच्याहि हातीं न देतां, रिक्षांत स्वतःच्या मांडीवर घेऊन नव्या जागेंत आणिली. ती म्हणजे लहानशा चिनी मातीच्या भांड्यांतलें दह्याचें विरजण.

१९५७ सालीं ती लग्न होऊन या घरांत आली, तेव्हां माझ्या आजीनें तें तिच्या स्वाधीन केलें. आजीला तें तिच्या सासूकडून मिळालें होतें. त्यापलीकडचा इतिहास कोणाला ठाऊक नाहीं. रोज रात्रीं दूध कोमट झालें कीं आई त्यांत करंगळी बुडवून पाही. हिवाळ्यांत विरजण थोडें जास्त व भांड्याभोंवतीं जुन्या लुगड्याची घडी, उन्हाळ्यांत नखाएवढेंच. सकाळीं दहीं कोणाच्याहि पानांत वाढण्यापूर्वीं पुढच्या रात्रीचें विरजण बाजूला निघालेंच पाहिजे. "विरजण काढलें का?" हा प्रश्न आमच्या घरांत साठ-पासष्ट वर्षें रोज विचारला गेला आहे. शेजारीण मागावयास आली तर विरजण द्यावें, पण दिवेलागणीनंतर देऊं नये. आणि दहीं लागेपर्यंत भांडें हलवूं नये, हे तिचे दोन नियम.

मीं तीस वर्षें एका माध्यमिक शाळेंत शास्त्र हा विषय शिकविला, आणि जंतूंविषयीं माझें मत आईच्या मताहून अगदीं निराळें होतें. फळ्यावर मी पटकीचा, क्षयाचा, विषमज्वराचा जंतु काढीत असें. पाश्चर, कॉख आणि फ्लेमिंग हे माझे तीन योद्धे. धड्याच्या अखेरीस "कांहीं जंतु उपयुक्तहि असतात, उदाहरणार्थ, दुधाचें दहीं होणें" असें एक वाक्य असे. तें परीक्षेंत एका गुणाला येतें, एवढेंच सांगून मी पुस्तक मिटीत असें. ज्यांच्या जिवावर मी रोज दहींभात जेवत होतों, त्या जीवांना मीं आयुष्यभर एका गुणाचीच किंमत दिली. त्या एका गुणाचा हिशेब पुढें मला, आणि माझ्यापेक्षां माझ्या आईला, फार महाग पडला. तो प्रांजळपणें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु.

गोष्ट २०२२ सालची. श्रावणांत आईला सर्दी-खोकला झाला. माझ्याच मागच्या आजारांतल्या प्रतिजैविकाच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या, कांहीं गोळ्या औषधाच्या डब्यांत उरल्या होत्या. त्या मीं तिला दिल्या. खोकला गेला. तो आणखी चार दिवसांनीं आपोआपहि गेला असता. कारण साध्या सर्दीचें मूळ विषाणूंत असतें, आणि या गोळ्यांचा विषाणूंवर कांहींएक परिणाम होत नाहीं. हें मला ठाऊक नव्हतें काय? चांगलें ठाऊक होतें. पण "दुखणें उगीच वाढूं नये" ही समजूत ज्ञानापेक्षां बळकट ठरली. भाद्रपदांत पुन्हां खोकला आला. या वेळीं मीं दुकानांतून त्याच गोळ्यांची पट्टी विकत आणिली. असलीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकावयाचीं नाहींत असा कायदा आहे. पण दुकानदारानें चिठ्ठी मागितली नाहीं, आणि मींहि तो विषय काढला नाहीं.

आई नको म्हणत होती. "अरे, सर्दी ती. सुंठ-गूळ घेतें, जाईल चार दिवसांत."

"आई, आतां काळ बदलला आहे," असें मीं तिला ऐकविलें.

आश्विनांत तिला खरोखरच न्यूमोनिया झाला. रुग्णालयांत बारा दिवस काढावे लागले. तेथें शिरेंतून जीं जोरदार प्रतिजैविकें दिलीं, त्यांनींच ती वांचली. हें आधींच सांगून ठेवतों. कारण माझा लेख वाचून कोणी त्या औषधांना विष समजेल, तर एका चुकीच्या जागीं दुसरी चूक होईल. औषध खरें होतें; त्याआधीं दोनदां, कारण नसतांना, तें देणारा माणूस खोटा होता.

ती घरीं आली त्या दिवशीं मऊ भातावर ताक वाढलेलें होतें. एक घोट घेऊन तिनें विचारलें, "ताक कुठलें आहे?"

सूनबाई खालीं मान घालून म्हणाली, "आजी, बाहेरचें आहे. त्या गडबडींत विरजण राहूनच गेलें."

बारा दिवसांच्या धांवपळींत घरांत दुधाऐवजीं चहा आणि दह्याऐवजीं दुकानांतले डबे आले होते. तें चिनी मातीचें भांडें घासून, पुसून, फडताळांत पालथें घातलेलें होतें. आई रागावेल असें सर्वांना वाटलें. ती रागावली नाहीं. फक्त ताकाची वाटी हळूच बाजूला सारली.

पांचव्या दिवसापासून तिला जुलाब सुरू झाले. दिवसाला बारा-पंधरा वेळां. बरोबर ताप आणि पोटांत कळा. जिनें जन्मभर सोंवळें-ओंवळें पाळलें, पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत पहांटे उठून स्वतःचें स्वतः केलें, ती आतां कूस बदलण्यासाठींहि सुनांच्या तोंडाकडे पाहूं लागली. तिच्या डोळ्यांत वेदनेपेक्षां लाज अधिक होती. तिसऱ्या रात्रीं मीं जुलाब थांबविण्याची गोळी काढली, तेव्हां माझ्या धाकट्या भावानें माझा हात धरला. "दादा, आतां विचारल्यावांचून आईला कांहीं द्यायचें नाहीं." तो माझ्याशीं इतक्या कठोरपणें पूर्वीं कधीं बोलला नव्हता. त्यानें हात धरला तेंच बरें झालें. या विशिष्ट आजारांत तसली गोळी विष पोटांतच कोंडून ठेवूं शकते, हें मला दुसऱ्या दिवशीं कळलें.

डॉक्टरांनीं आईला तपासलें व विचारलें, "रुग्णालयांत जाण्यापूर्वीं यांना कोणकोणतीं औषधें दिलीं होतीं?" खोलींत माझी पत्नी, भाऊ, भावजय, मुलगा, सूनबाई सर्व उभीं होतीं. तीस वर्षें वर्गापुढें उभें राहून मीं कधीं उत्तर चुकविलें नव्हतें. त्या दिवशीं तें सांगतांना माझा आवाज मलाच ओळखूं येईना. श्रावणांतल्या गोळ्या, भाद्रपदांतल्या गोळ्या, अर्धवट सोडलेला क्रम, सर्व सांगितलें. डॉक्टर कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं विष्ठेची तपासणी करण्यास सांगितलें. संशय होता तोच रोग निघाला.

या रोगाच्या जंतूचें नांव क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल. १९३५ सालीं तो प्रथम नवजात अर्भकांच्या विष्ठेंत सांपडला. प्रयोगशाळेंत वेगळा काढण्यास फार कठीण, म्हणून त्याच्या नांवांतच "कठीण" हा शब्द आला. निरोगी बाळांच्या पोटांत राहणारा हा जंतु मोठ्या माणसांच्या आंतड्याला झोडपून काढतो, हें कळावयास १९७८ साल उजाडावें लागलें. प्रतिजैविकें घेतल्यानंतर कांहीं रोग्यांना जो भयंकर अतिसार होई, त्याचें मुख्य कारण हाच, हें तेव्हां सिद्ध झालें.

मग हा एरव्हीं गप्प कां बसतो? येथेंच माझ्या शाळेंतल्या धड्याचें उरलेलें अर्धें पान आहे. आपल्या मोठ्या आंतड्यांत जंतूंची एक दाट वस्ती असते. २०१६ सालीं इस्रायलमधील वाइझमन संस्थेंतल्या शास्त्रज्ञांनीं केलेला हिशेब असा कीं, सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगांत त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारें ३० लाख कोटि, आणि जंतु सुमारें ३८ लाख कोटि. त्यांतले बहुतेक मोठ्या आंतड्यांत. सर्वांचें मिळून वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वाटीभर दह्याएवढें! ही वस्ती फुकट राहत नाहीं. धान्यांतला, डाळींतला, भाजींतला जो चोथा आपल्याला पचत नाहीं, तो आंबवून ती त्यांतून कांहीं आम्लें तयार करते. त्यांतलें ब्युटिरिक आम्ल हें आंतड्याच्या अस्तराचें मुख्य अन्न. के जीवनसत्त्वाचा कांहीं भाग तीच बनविते. शरीराच्या संरक्षक पेशींना आपला कोण व परका कोण, हें शिकविण्यांतहि तिचा वांटा आहे.

आणि चोरांना वस्तींत शिरकाव मिळूं न देणें, हेंहि काम तिचेंच. डिफिसिल जंतु कठीण कवचांत बीजासारखा पडून राहतो. यकृतांतून येणाऱ्या पित्तांतलीं कांहीं आम्लें त्या बीजाला जागें करतात. परंतु आंतड्यांतले रहिवासी त्या आम्लांचें रूपांतर दुसऱ्या आम्लांत करतात, आणि तीं या जंतूची वाढ रोखून धरतात. शिवाय रहिवासी अन्नहि खाऊन टाकीत असल्यामुळें आगंतुकाला घांस उरत नाहीं. प्रतिजैविक मित्र आणि शत्रु असा भेद करीत नाहीं. रहिवासी मेले कीं पित्ताचें रूपांतर थांबतें, अन्न शिल्लक राहतें, आणि कवचांतला चोर उठून बसतो. वय पासष्टाच्या पुढें असलें, रुग्णालयांत राहणें झालेलें असलें, कीं धोका अधिक. आईच्या बाबतींत सर्वच गोष्टी जुळून आल्या होत्या. न्यूमोनियाचीं औषधें अपरिहार्य होतीं. पण त्यांच्या आधीं दोन वेळां तिच्या पोटांतली वस्ती मीं विनाकारण उजाड केली होती. केवळ तेवढ्यानेंच हें घडलें असें डॉक्टर म्हणाले नाहींत; घडलें नसतें असेंहि म्हणाले नाहींत.

उपचारहि एका प्रतिजैविकाचाच. व्हँकोमायसिन पोटांत घ्यावयाचें. तें रक्तांत जवळजवळ शोषलें जात नाहीं, आंतड्यांतच राहून काम करतें. दहा दिवस तें चाललें. शुश्रूषेंत एक नवी गोष्ट कळली. करोनाच्या सांथीनंतर आमच्या प्रत्येक दारापाशीं हातांना लावण्याच्या द्रवाच्या बाटल्या ठेवलेल्या होत्या. या जंतूचें कवच त्या मद्यार्काला दाद देत नाहीं. साबण लावून वाहत्या पाण्याखालींच हात धुवावे लागतात. बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्यावांचून आंत पाऊल ठेवूं न देणारी आई अंथरुणावरून हें ऐकत होती. ती कांहीं बोलली नाहीं. पण मला ऐकूं आलें.

ती बरी झाली, आणि पंधरा दिवसांनीं रोग उलटला. हें पांचांपैकीं सुमारें एका रोग्याच्या बाबतींत होतें. दुसऱ्यांदा औषध सुरू करतांना डॉक्टरांनीं मला व भावाला बाजूला घेऊन, पुन्हां उलटल्यास काय करतां येईल तें सांगितलें. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, पाण्यांत कालवून, गाळून, ती रोग्याच्या आंतड्यांत सोडावयाची. म्हणजे उजाड झालेली वस्ती नव्यानें वसते. १९५८ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथें चार अत्यवस्थ रोग्यांवर हा उपाय प्रथम केल्याची नोंद आहे. २०१३ सालीं हॉलंडांतल्या प्रयोगांत असल्या सोळांपैकीं तेरा रोगी पहिल्याच खेपेस बरे झाले, आणखी दोन दुसऱ्या खेपेस. केवळ व्हँकोमायसिन दिलेल्या तेरांपैकीं चारच. फरक इतका स्पष्ट होता कीं प्रयोग मध्येंच थांबवावा लागला.

ऐकून आम्हां दोघां भावांची बोलतीच बंद झाली. हें आईला सांगावयाचें कसें? आणि कोणीं? पण आईचे कान तिखट. संध्याकाळीं मी जवळ बसलों, तेव्हां तिनें स्वतःच विषय काढला. मीं चांचरत सर्व समजावून सांगितलें. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे विरजणच कीं रे हें! आपलें गेलें, तर दुसऱ्या घरचें आणायचें. विटाळ धरून बसलें तर दहीं लागेल कसें?"

मी तीस वर्षांत जें एका गुणाला विकलें, तें तिनें एका वाक्यांत पुरतें मांडलें. मला पुढें बोलवेना. "आई, त्या गोळ्या मीं द्यायला नको होत्या," एवढेंच म्हणालों. तिनें माझ्या हातावर हात ठेविला व म्हणाली, "तूं कांहीं वाईट व्हावें म्हणून दिल्या नव्हत्यास." क्षमा इतक्या सहजपणें मिळाली म्हणजे ती घेतांना अधिक जड जाते.

तो उपाय करण्याची वेळ आली नाहीं. दुसऱ्या खेपेनंतर रोग उलटला नाहीं. मार्गशीर्षांत माझी बहीण मुंबईहून डेक्कन क्वीननें आली, आणि पिशवींतून तिनें स्टीलचा एक लहान डबा काढला. १९८४ सालीं लग्न होऊन जातांना आईनें तिला जें विरजण दिलें होतें, त्याचीच ती परंपरा. शास्त्राच्या दृष्टीनें तें मूळचें विरजण राहिलें असेल काय? प्रत्येक दुधाबरोबर, प्रत्येक हवेबरोबर त्यांतले जीव थोडे थोडे बदलतात. पण ही शंका मीं बोलून दाखविली नाहीं. आईनें बोटानें चाखलें, आणि "जरा आंबट आहे, मुंबईची हवा," असा अभिप्राय देऊन तें चिनी मातीचें भांडें सुलटें करावयास सांगितलें.

येथें वाचकांचा एक गैरसमज होऊं नये. दह्यानें आई बरी झाली असें मी म्हणत नाहीं. दह्यांतले जंतु आंतड्यांत कायमचें बिऱ्हाड करीत नाहींत. बहुधा पाहुण्यासारखे येतात आणि जातात. १९०८ चें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या मेच्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें आंबवलेल्या दुधानें वार्धक्य लांबतें असें मानिलें होतें. तें तसें सिद्ध झालें नाहीं. उलट वाइझमन संस्थेच्याच २०१८ सालच्या प्रयोगांत असें आढळलें कीं, प्रतिजैविकांनंतर जंतूंच्या तयार पुड्या घेणाऱ्यांची मूळ वस्ती परत येण्यास, कांहींच न घेणाऱ्यांपेक्षां अधिक दिवस लागले. हल्लीं स्थूलतेपासून मनाच्या उदासीनतेपर्यंत सर्व कांहीं पोटांतल्या जंतूंच्या माथीं मारण्याची हौस दिसते. संबंध आढळणें निराळें, आणि कारण सिद्ध होणें निराळें. दहीं हें उत्तम अन्न आहे. त्याला औषधाचा मुकुट चढविण्याचें कारण नाहीं. रहिवाशांना पोसावयाचें तर त्यांच्या तोंडचा चोथा त्यांना मिळाला पाहिजे: ज्वारीची भाकरी, सालीची डाळ, उसळी, पालेभाज्या, आणि चातुर्मास नसेल तेव्हां कांदा-लसूणहि. भात शिजवून थंड झाला कीं त्यांतल्या पिठाचा कांहीं भाग आपल्याला न पचणारा होतो व तो या वस्तीच्या वांट्याला जातो. तेव्हां झांकून थंड जागीं ठेवलेल्या कालच्या भाताला सकाळीं फोडणी देणाऱ्या गृहिणीला कोणीं नांवें ठेवूं नयेत.

पुढच्या वर्षीं चैत्रांत आमच्या घरीं पणतू जन्मला. आईनें उशापाशीं मधाची बाटली आणून ठेविली होती. पिढ्यान् पिढ्या या घरांत बाळाच्या जिभेला मध लावण्यांत आला आहे. सूनबाई घाबरली, पण आजेसासूपुढें बोलेना. मधांत कधीं कधीं बॉट्युलिनम जंतूचीं बीजें असतात. मोठ्यांच्या आंतड्यांतली वस्ती त्यांना उगवूं देत नाहीं. बाळाची वस्ती अजून बसलेली नसते, म्हणून तीं तेथें उगवतात, आणि त्यांच्या विषानें बाळाचा श्वासहि थांबूं शकतो. १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत हा रोग प्रथम ओळखला गेला, व पुढें त्याचा मधाशीं संबंध लागला. म्हणून एक वर्षाच्या आंत बाळाला मध मुळींच द्यावयाचा नाहीं.

आई म्हणाली, "तुम्हांला सर्वांना चाटवला. कुणाला काय झालें?"

गोष्ट खरी होती. हा रोग क्वचितच होतो. पण ज्या घरीं होतो, तेथें तो क्वचित् नसतो. मीं शास्त्र बाजूला ठेविलें आणि तिचाच नियम तिला सांगितला: "आई, दहीं लागेपर्यंत भांडें हलवूं नये, असें तूंच म्हणतेस ना? याचें अजून लागलेलें नाहीं." मग आईच्या दुधाची हकीकत सांगितली. त्यांत दुग्धशर्करा व स्निग्धांश यांच्या खालोखाल प्रमाण ज्या पदार्थांचें असतें, त्या शर्करा बाळाला स्वतःला पचतच नाहींत. त्या बाळाच्या पोटांतल्या जंतूंसाठींच असतात. हे जंतु पॅरिसमध्यें टिसिए या डॉक्टरानें अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेंत १८९९ सालीं ओळखले. म्हणजे माता बाळाला पाजतांना त्याचें विरजणहि पोसते. आईनें बाटली उचलून फडताळांत ठेविली. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशीं बोलली नाहीं. आश्विनांत उष्टावणाच्या वेळीं बाळाच्या तोंडांत दहींभाताचें पहिलें बोट मात्र तिनेंच घातलें.

आतां आईचा हात कांपतो. रात्रीं दुधांत करंगळी बुडविण्याचें काम माझ्याकडे आलें आहे. औषधाचा डबा मीं रिकामा केला. उरलेली पट्टी आमच्या घरांत आतां कोणी ठेवीत नाहीं. हिवाळा-उन्हाळ्याचा अंदाज मला अजून बरोबर साधत नाहीं. कधीं दहीं पातळ राहतें, कधीं आंबतें. पण सकाळीं मी स्वयंपाकघरांत पाऊल टाकलें रे टाकलें, कीं आंतल्या खोलींतून आवाज येतो,

"विरजण काढलेंस का रे?"